नवमीला बंद ठेवलेलं काम

इंदूर,
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

चि. संहिता,

पत्र बघून दचकू नकोस. कोणी गेलं-बिलं नाहीये. मी ठणठणीत आहे, डावा गुडघा तेवढा जिना दिसला की कुरकुर करतो. तू बरी असशील, तुझ्या आईचं, माझ्या कुमुदताईचं, बीपी ताब्यात असेल आणि ती लोणचं चोरून खात नसेल, असं धरून चालते. विचारायला तोंड नाही, म्हणून धरून चालते.

मोबाईलवर लिहिणार होते. तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसून टाकलं. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून फुलस्केप आणले. दुकानदार म्हणतो, "आंटी, बच्चों का प्रोजेक्ट है क्या?" म्हटलं, हो भिया, माझाच आहे, तीन वर्षं लेट झालाय. पेनाने लिहिलेलं निदान पुसता येत नाही. अक्षर तुला ठाऊक आहे, डॉक्टरांच्या संगतीत पार बिघडलंय. लावून घे.

बातमी अशी की आपलं हॉस्पिटल अखेर क्लाउडवर जातंय. आपलं म्हणते, सवय आहे. लॅबचा सगळा डेटाबेस, तीसेक वर्षांचे रिपोर्ट, आता कुठल्या तरी दूरच्या शहरातल्या मशीनवर राहणार. तळघरातला आपला सर्व्हर शुक्रवारी बंद होईल. त्याच्या डिस्क पुसायच्या आणि "पुसल्या" म्हणून कागदावर सही करायची, हे माझं काम. एकतीस डिसेंबरला मलाही सुट्टी. एकतीस वर्षांची नोकरी एकतीस तारखेला संपते, यावर स्टाफरूममध्ये सगळे खूश आहेत, जसं काही ते मीच जुळवून आणलंय.

हे काम करायला कंपनीचा समीर नावाचा इंजिनिअर येतो. तुझ्याच वयाचा असेल. कामाला चोख, पण प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर. बॅकअप? "अपने-आप होता है, मॅम." डिस्क भरली तर? "अपने-आप बढ़ती है." नवी आवृत्ती आली तर? "वो भी अपने-आप." मी वैतागून विचारलं, अरे, मग माणसाने करायचं काय? म्हणाला, "आप डॅशबोर्ड देखना, मॅम." घ्या! रात्रंदिवस ज्याच्या काळजीत केस पांढरे केले, त्याच्यापुढे आता खुर्ची टाकून टीव्हीसारखं बघत बसायचं.

मीही काही कमी नाही. विचारलं, खंडेनवमीला एक दिवस बॅकअप बंद ठेवता येईल का? तो आधी समजलाच नाही. मग हसला. "बंद करने का बटन ही नहीं है, मॅम." सगळे हसले. मी पण हसले, आणि मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले.

बघ, अजून मुद्द्यावर येत नाहीये मी. तू असतीस तर म्हणाली असतीस, "मावशी, सीधी बात करो."

तर सीधी बात. काल एका कंपनीचा मेल आला. त्यांनी तुला डेटाबेसच्या कामासाठी निवडलंय, फक्त आधीच्या नोकरीची चौकशी व्हायची आहे. ती चौकशी माझ्याकडे आली, कारण विभागप्रमुख मीच. गुरुवारच्या आत उत्तर हवंय. म्हणजे तुझी नोकरी माझ्या एका फॉर्मवर अडकलीय.

तू पुन्हा या कामात येतेयस, हे वाचून मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! आणि पुढच्याच क्षणी मी मेल बंद करून टाकला. हा फॉर्म मी कसा भरेन, हा विचार तुलाही सतावत असेल. बरोबर आहे तुझं. माझ्यावर भरवसा ठेवावा असं मी काही केलेलं नाही.

तुला शेवटचं पाहिलं ते जुलैत. मी पलासियाच्या सिग्नलला रिक्षात बसले होते. तू शिकवतेस त्या क्लासचा जिना चढत होतीस, हातात मार्करचा डबा आणि काखेत हजेरीचं रजिस्टर. बारीक झालीस. हाक मारायला तोंड उघडलं आणि सिग्नल सुटला, असं मी नंतर स्वतःला सांगितलं. खरं सांगू? सिग्नल सुटायला चांगले चाळीस सेकंद होते. समोर आकडे दिसत होते.

आता जेवते. बाकीचं उद्या सकाळी लिहिते, नाहीतर आज पुन्हा पुसण्यासारखं काहीतरी लिहीन.

बुधवार, सकाळी

झोप लागली नाही, खैर.

तू सातवीत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्याकडे राहायला आलीस, आठवतं? तुझे बाबा त्या वर्षी गेले होते आणि ताईला कोणाशी बोलावंसं वाटत नव्हतं. तुझं मन रमवायला मला गोष्टी येत नव्हत्या, गाणी येत नव्हती. जे येत होतं ते शिकवलं. एका वहीत वर्गातल्या मुलींची नावं लिहिली, दुसऱ्या वहीत त्यांनी लायब्ररीतून नेलेली पुस्तकं. म्हटलं, दुसऱ्या वहीत नाव लिहायचं नाही, फक्त रोल नंबर लिहायचा आणि नंबरने दोन वह्या जोडायच्या. तू दोन्ही वह्या शेजारी ठेवल्यास आणि म्हणालीस, "म्हणजे मावशी, नाव चुकलं तर एकाच जागी सुधारलं की झालं!" अगं, ही गोष्ट समजायला मला नोकरीची दोन वर्षं लागली होती. त्या दिवसापासून मी ठरवून टाकलं की ही माझ्या कामाची वारस. ताईला न विचारता ठरवलं, तेही एक चुकलंच माझं.

मग तू शिकलीस, आपल्याच हॉस्पिटलात लागलीस, माझ्या हाताखाली. साडेतीन वर्षं. मी तुला सगळं करू दिलं, एक सोडून. बॅकअप. ड्यूटीच्या कागदावर रोज बॅकअप तपासायचं काम तुझ्या नावावर होतं, कारण कागदावर ज्युनिअरचं नाव लागतं. पण प्रत्यक्षात मी तुला त्याच्या आसपास फिरकू देत नव्हते. "बॅकअप माझा, त्याला कोणी हात लावायचा नाही." किती वेळा म्हटलं असेन! आणि केवढ्या तोऱ्यात!

तो तोरा मला बाबूरावजींकडून मिळाला. तू त्यांना पाहिलं नाहीस, तू यायच्या आधीच ते वारले. मला हे काम त्यांनी हाताला धरून शिकवलं. होळकरांच्या दफ्तरातल्या कारकुनांचं घराणं, त्यामुळे कामाच्या वस्तूला पाय लागला तर तीनदा नमस्कार. खंडेनवमीला सुतार करवत ठेवून देतो, शिंपी मशीन झाकतो, तसं आपणही आपलं हत्यार एक दिवस ठेवलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. पण सर्व्हर कसा बंद ठेवणार, पेशंट थोडेच थांबतात? म्हणून त्यांनी तोड काढली. आपलं खरं हत्यार म्हणजे बॅकअप. नवमीला सकाळी सर्व्हरला हळदीकुंकू, झेंडूचं फूल, आणि रात्री आपोआप चालणारं बॅकअपचं काम त्या दिवसापुरतं बंद. दसऱ्याला सोनं वाटून झालं की पुन्हा चालू. त्यांनी अशी नऊ वर्षं पाळली, त्यांच्यानंतर मी एकोणीस. एकदाही विसरले नाही.

विसाव्या वर्षी विसरले.

लिहिलं बाई एकदाचं. संहिता, मी विसरले. चार ऑक्टोबर दोन हजार बावीस, मंगळवार, खंडेनवमी. काम मी बंद केलं. हळदीकुंकवाचं ताट तूच धरलं होतंस. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी, मी म्हटलं घरूनच चालू करते. पाहुणे आले, ताईकडे सोनं द्यायला गेले, आणि राहून गेलं. गुरुवारी वाटलं, बुधवारीच केलं असेन. मग दिवाळी. बॅकअप बिघडला तर मेल येतो, पण बंदच असला तर काहीच येत नाही. आणि काहीच येत नाही म्हणजे सगळं ठीक, असं मी समजत राहिले. सव्वीस दिवस.

तीस तारखेचा रविवार तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. नवी आवृत्ती चढवायची होती, दहा ते चार लॅब बंद ठेवली होती. मी बेटम्याला मैत्रिणीच्या वास्तुशांतीला. तुझा फोन आला तेव्हा मी हातात ताट घेऊन पंगतीत उभी होते. तू विचारलंस, "मावशी, रात्रीचा बॅकअप झालाय ना? की मी सुरू करायच्या आधी हाताने एक घेऊ?" मी म्हटलं, "झालाय गं, रोज होतो. दोन तास कशाला घालवतेस? हो पुढे."

दोन तास. त्या दोन तासांत सगळं वाचलं असतं.

मग अर्ध्यावर असताना डिस्कने मान टाकली. त्यात तुझा काही दोष नव्हता, ती डिस्क जुनीच होती. अशा वेळी कालचा बॅकअप काढायचा आणि घरी जायचं, इतकी साधी गोष्ट. तू बॅकअप काढायला गेलीस तर शेवटची फाईल तीन ऑक्टोबरची. सव्वीस दिवसांचे रक्त-लघवीचे, गाठींचे, सगळे रिपोर्ट गेले.

त्यानंतरचे पंधरा दिवस तू लॅबच्या बाकड्यावर बसून एकेका पेशंटला फोन केलेस. अकराशेच्या वर. "नमस्ते, आपका सैंपल दुबारा देना पड़ेगा, हमारी गलती है." हमारी म्हणायचीस तू. एक माणूस तर तुला आई-बहिणीवरून बोलला, तू फोन कानापासून जरा लांब धरलास, आणि त्याचं संपल्यावर पुन्हा विचारलंस की उद्या सकाळी उपाशीपोटी येऊ शकाल का. मी काचेपलीकडे बसले होते. मी एकही फोन केला नाही. मी म्हटलं, मला चौकशीचा अहवाल लिहायचाय.

आणि लिहिला. ट्रस्टच्या कमिटीपुढे सचिव श्रीकृष्णजींनी तुला विचारलं, काम सुरू करण्याआधी बॅकअप स्वतः तपासला होता का? तू म्हणालीस, "नाही." बस, एवढंच. मला विचारलं होतं, असं म्हणाली नाहीस. मी शेजारच्या खुर्चीत होते, पाण्याच्या ग्लासकडे बघत. बाहेरून आलेल्या तज्ज्ञाने सर्व्हर पाहिला, बॅकअपचं काम चालूच दिसत होतं. त्याने लिहिलं, मधल्या काळात ते का चाललं नाही याचं तांत्रिक कारण कळत नाही. आणि मी माझ्या अहवालात एक वाक्य लिहिलं, की रोजची तपासणी आणि कामाआधीची तपासणी, दोन्ही संबंधित इंजिनिअरने केल्या नाहीत. त्या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. मी ते तीनदा वाचून खात्री करून घेतली.

तू राजीनामा दिलास. ताईने मला फोन करून विचारलं, "मंजू, तू पोरीच्या बाजूने एक शब्द तरी बोललीस का?" मी म्हटलं, "ताई, नियम म्हणजे नियम." त्यानंतर तिने माझ्याशी बोलणं टाकलं, ते आजतागायत. वर मीच चिडले होते तिच्यावर, ऐक! नातेवाइकांत सांगत फिरले की भाचीला नोकरी लावून दिली आणि मलाच बोल लागला.

अजून आहे. यंदा मार्चमध्येही एका कंपनीचा असाच मेल आला होता. तुला ती नोकरी का मिळाली नाही, हे त्यांनी सांगितलं नसेल. मी फॉर्ममध्ये "रेकॉर्डप्रमाणे" असं लिहिलं आणि तो अहवाल जोडून पाठवला. दोन मिनिटांचं काम. नंतर चहा प्यायले.

इथे पेन खाली ठेवून मी जरा फिरून आले. कारण पुढचं मी आजवर स्वतःशीसुद्धा धड बोललेले नाही.

त्या रविवारनंतरच्या सोमवारी मी सकाळी सातलाच ऑफिसात पोचले, कोणी यायच्या आत. मैत्रिणीकडून परतताना रस्त्यात मला नवमी आठवली होती. मी ठरवून आले होते की गुपचूप ते काम चालू करून टाकायचं. म्हणजे बंद होतं हे कोणाला कळणार नाही. सर्व्हर उघडला. तर ते आधीच चालू होतं.

शेजारी शेवटचा बदल कधी झाला ते बारीक अक्षरात दिसतं, माहीत असलं तरच तिकडे नजर जाते. रविवार, दुपारी तीन बावन्न. त्या वेळी त्या खोलीत फक्त तू होतीस.

तू बंद पडलेलं काम पाहिलंस. ते कोणी आणि कधी बंद केलं, हे कळायला तुला क्षणभरही लागला नसेल, ताट तूच तर धरलं होतंस. आणि तुझ्यासमोर सव्वीस दिवसांचा डेटा बुडालेला असताना, सगळं आपल्या अंगावर येणार हे दिसत असताना, तू पहिली गोष्ट केलीस ती ही. मला झाकलंस.

तू साडेसातला आलीस. डोळे सुजलेले. मला वाटलं आता बोलशील. तू पर्स ठेवलीस आणि विचारलंस, "मावशी, तू काही खाल्लंस का सकाळपासून?"

मला तेव्हाच कळलं होतं, संहिता. कमिटीत तू "नाही" म्हणालीस तेव्हा तू कोणासाठी गप्प आहेस हे मला ठाऊक होतं. अहवाल लिहिताना ठाऊक होतं. ताईला नियम ऐकवताना ठाऊक होतं. मार्चमध्ये चहा पिताना ठाऊक होतं. तू मला दिलंस आणि मी घेत राहिले. विसरण्याची चूक माणसाकडून होते, तिचं मला आता फारसं काही वाटत नाही. या दुसऱ्या गोष्टीची मात्र लाज वाटते. भयंकर लाज वाटते गं.

बुधवार, दुपारी

फॉर्म भरून पाठवला. पुन्हा पुसायला नको म्हणून लगेच पाठवला.

नोकरी सोडण्याचं कारण, या जागी लिहिलं की विभागप्रमुख मंजुषा हिने स्वतःची चूक लपवून या इंजिनिअरवर ठपका ठेवला, म्हणून. मार्चमधल्या कंपनीलाही तेच लिहून कळवलं, उशीर झालाय तरी. शेवटचा प्रश्न होता, तुम्ही या व्यक्तीला पुन्हा कामावर घ्याल का? लिहिलं, ती आली तर आमचं भाग्य, पण तिने येऊ नये.

जुन्या सर्व्हरवर ती तीन बावन्नची नोंद अजून आहे, त्यानंतर त्या कामाला कोणी हात लावलेला नाही. शुक्रवारी ती पुसली जाईल. तिचे दोन प्रिंट काढले. एक या पत्रासोबत आहे, दुसरा माझ्या कबुलीच्या अर्जाला जोडून श्रीकृष्णजींच्या टेबलावर ठेवून आले. काम बंद कोणी केलं हे सर्व्हर सांगत नाही, म्हणून ते मी सहीनिशी लिहून दिलंय. त्यांनी तो वाचून चष्मा काढला. "मंजुषाजी, रिटायरमेंट को डेढ़ महीना बचा है. अब क्यों?" म्हटलं, "लड़की की नौकरी है, साहब."

निरोप समारंभ होणार होता, आता बहुधा होणार नाही. जानेवारीपासून सल्लागार म्हणून ये असं म्हणत होते, तेही गेलं समज. वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू? पण तुझ्या तीन वर्षांपुढे ते काहीच नाही, आणि तुझी तीन वर्षं मला परत देता येत नाहीत. एवढ्या सगळ्या गोष्टींचे बॅकअप घेतले मी जन्मभर.

नव्या कंपनीने काही कुरकुर केली तर हे पत्र त्यांना दाखव. संकोच करू नकोस, सगळीकडे नाव लिहिलंय माझं. नोकरी मिळाली तर मला कळवायची गरज नाही. मला तुझी फार आठवण येते, पण ते माझं मी बघेन.

उद्या संध्याकाळी मी ताईकडे जाणार आहे. तिने दार लावून घेतलं तर जिन्यात उभी राहून सांगेन. हे पत्र तुला सकाळच्या कुरियरने त्याच्या आधी मिळेल, आणि तुझा स्वभाव मला माहीत आहे. तू तिला आधीच समजावशील, मावशीचं वय झालंय म्हणशील, मुद्दाम केलं नव्हतं म्हणशील. तसं करू नकोस. तिला जे बोलायचंय ते मला पूर्ण बोलू दे.

या वेळी मला वाचवू नकोस, बेटा.

तुझी गुन्हेगार, आणि तरीही तुझी मावशी,
मंजुषा